खाडे: शून्य

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून डिलीट मारलं. कारण यात सगळ्यात जास्त लाज माझीच निघते, आणि ती स्वतःच्याच बोटांनी टाइप करायला कोणाला आवडतं? पण आता बसलोय. मध्ये मध्ये थांबेन. चार्जर ढिला आहे, आणि मीपण.

आधी मी कोण ते. सुगत. राहणार कामतघर, भिवंडी. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. स्टॅटिस्टिक्स यूट्यूबवर शिकलो, खालच्या मजल्यावरच्या लूमच्या खडखडाटात कानात इयरफोन कोंबून. रिग्रेशन म्हणजे काय ते मला अजून धड मराठीत सांगता येत नाही, पण करता येतं. सर्टिफिकेट एकही नाही. म्हणून मोठ्या लोकांनी "सुगत" अशी नुसती हाक मारली तरी मी शेपूट हलवायचो. हे आधीच सांगतो, पुढे उपयोगी पडेल.

मोठा माणूस म्हणजे डॉ. केसरीनाथ. सर भिवंडीजवळच्या काल्हेरचे. बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यावर आता तीन गोडाऊन उभी आहेत. सर लंडनला जाऊन आरोग्य अर्थशास्त्रात पीएचडी करून आले आणि मुंबईच्या एका संस्थेत प्रोफेसर झाले. आरोग्य अर्थशास्त्र म्हणजे साध्या भाषेत, कोण आजारी पडतं, त्याने त्याचं काय काय बुडतं, आणि दवाखाना कुठे, किती वाजता उघडला तर कमी बुडेल. विषय भारी आहे. मी अजूनही म्हणतो. विषयाचा काही दोष नाही, त्याच्यावर बूड टेकून बसलेल्यांचा आहे.

सरांचे अठ्ठ्याण्णव पेपर छापून आले होते. नव्व्याण्णवावा प्रेसमध्ये. शंभरावा "माझ्या मातीवर" हवा होता. माती कुठली? तिच्यावर सगळं काँक्रीट. तरी सर भिवंडीत आले की गाडीतून उतरल्या उतरल्या भाषा बदलायचे. "काय रं, बरा हाय ना?" पानवाल्याला. पानवाला यूपीतल्या प्रतापगढचा. तो म्हणायचा, "जी सर, बढ़िया."

आता शंभराव्या पेपरचा प्रश्न. नारपोलीत एका ट्रस्टचा टीबीचा दवाखाना आहे. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ. संध्याकाळची वेळ मुद्दाम ठेवलेली, कारण लूमच्या पाळ्या आठ ते आठ. दिवसपाळीवाला सुटल्यावर येतो, रातपाळीवाला जाता जाता येतो. ट्रस्टला परदेशातून निधी देणाऱ्यांनी विचारलं की संध्याकाळी डॉक्टर बसवून फायदा काय होतो ते सिद्ध करा. सरांनी प्रश्न असा मांडला, की संध्याकाळच्या दवाखान्यामुळे कामगारांचे किती खाडे वाचतात?

खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. सोपा प्रश्न. चारशे बारा घरं. फॉर्म भरणारा मी.

ट्रेनिंगला सर म्हणाले, "फील्डवरच्या माणसाने डोकं चालवायचं नाही. समोरचा जे सांगेल तेच टॅबमध्ये. डोकं चालवायला आम्ही आहोत."

मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघपण मारली.

दहाव्या दिवशी महादूकाकांच्या घरी गेलो. काका मूळचे शहापूरकडचे, वय छप्पन्न, नारपोलीत आठ माग चालवतात. टीबी निघालेला. मी गेलो तेव्हा पायरीवर बसून धापा टाकत होते.

"काका, गेल्या तीस दिवसांत आजारपणामुळे किती खाडे झाले?"

"खाडा? न्हाय बा. एक बी न्हाय."

"एकपण नाही?"

"अरं, खाडं केलं तर शेठ माग ठेवील का माझ्याकडं? दुसऱ्याला देऊन टाकील. न्हाय न्हाय. तू लिव, खाडा न्हाय."

मंगळवार होता. दुपारचे बारा. काका दिवसपाळीचे. पायरीवर बसलेल्या दिवसपाळीच्या माणसाने मला सांगितलं की खाडा नाही, आणि मी टॅबवर शून्य दाबलं. टॅबने हिरवी टिक दिली.

भिवंडीत वाढलेल्या कोणालाही यात काय चाललंय ते कळतं. बाहेरच्यांसाठी सांगतो. कारीगर आजारी पडला की तो खाडा करत नाही, बदली पाठवतो. बदली म्हणजे त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. माग चालू राहतात, कापड कारीगराच्याच नावावर चढतं, बदलीला त्याचा वाटा कारीगर देतो. शेठला माहीत असतं, मुकादमाला माहीत असतं, पण माग बंद पडला नाही ना, मग खाडा नाही. आझमगडचा एक कारीगर तर मला अंथरुणातून म्हणाला, "नागा एक भी नहीं, लिखो." अभिमानाने. नागा म्हणजे खाडाच. मी लिहिलं.

चारशे बारापैकी तीनशे सत्त्याण्णव शून्य.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझे बाबा, कोंडू, बावीस वर्षं बदली होते. स्वतःचा माग कधीच मिळाला नाही. आमच्या चाळीत अजून जुनी माणसं त्यांना "कोंडू बदली" म्हणतात. शाळेत मला पोरं विचारायची, "आज तुझ्या जागी कोण बसलंय रे?" तर मग सरांना पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? एक, दिवसाला बारा फॉर्म उरकायचे होते. दोन, सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, तुला कसं माहीत? आणि मला सरांच्या गाडीत बसून "माझे बाबा बदली होते" म्हणायचं नव्हतं. एवढंच. मोठं कारण काही नाही.

पेपर लिहून झाला. सरांनी मला पीडीएफ पाठवला, माझं नाव आभारात. निष्कर्ष वाचून मला आधी वाटलं दुसऱ्याच गावाबद्दल आहे. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारात म्हणे विलक्षण चिवटपणा आहे. गंभीर आजारातही तो कामावर हजर असतो. खाडे मुळात नसल्यामुळे संध्याकाळच्या दवाखान्याने वाचणारे खाडेही शून्य. सबब संध्याकाळची वेळ बंद करावी आणि त्या निधीतून जनजागृतीचं मोबाइल ॲप बनवावं.

ॲप! महादूकाकांचा फोन बटणांचा आहे.

आता धम्मदिना. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. ती त्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, थुंकीचे नमुने तपासते. पेपर मी तिला पाठवला नव्हता, तिला ट्रस्टकडून आला. तिचा फोन आला तेव्हा मी रिक्षात होतो.

"सुग्या, वाचलं मी."

"अच्छा."

"अच्छा काय अच्छा? पुढच्या सोमवारी अकरा वाजता ट्रस्टची मीटिंग आहे, दवाखान्यातच. संध्याकाळ बंद करायचा ठराव येतोय. आधार म्हणून तुझा पेपर."

"माझा नाही, सरांचा."

"आभारात तुझं नाव आहे. आभार कसले मानलेत, माती केल्याबद्दल?"

मी म्हणालो नेटवर्क जातंय. नेटवर्क फुल होतं.

घरी आलो. बाबा आता काल्हेरला एका गोडाऊनवर वॉचमन आहेत, त्या दिवशी सुट्टी होती. मी जेवताना सहज सांगितलं, म्हणजे सहज असल्यासारखं, की सरांच्या अभ्यासात निघालंय, लूमवाले आजारी पडून खाडा करत नाहीत.

बाबांनी घास तसाच ताटात ठेवला.

"कोणीच न्हाय?"

"जवळपास कोणीच नाही."

"मग मी बावीस वर्षं कोणाच्या मागावर उभा व्हतो रं?"

रागाने नाही म्हणाले. खरंच विचारत होते. वर म्हणाले, "मला तर सगळी नावं पाठ हायत. कोणाला कावीळ, कोणाला टीबी, कोणाचा हात गेलेला. दुसऱ्याचं दुखलं तवा आपली चूल पेटली. आनि तुझा साहेब म्हनतो, कोनाचं दुखलंच न्हाय?"

मग जेवले. मला जेवण गेलं नाही.

पुढचे चार दिवस मी टॅब न घेता पुन्हा त्याच घरांमध्ये फिरलो. तीस घरं. फॉर्म नाही, एकच प्रश्न, "तुम्हाला बरं नव्हतं तेव्हा तुमच्या मागावर कोण उभं होतं?" तीसपैकी सत्तावीस जणांनी फटकन नाव सांगितलं. त्या तीनशे सत्त्याण्णव शून्यांतलीच ही माणसं. महादूकाका म्हणाले, "दीपेश. लई गुनी पोर हाय. तेरा दिस उभा राह्यला गेल्या म्हैन्यात." तीस घरांची सरासरी अकरा दिवस. महिन्याचे अकरा दिवस!

कागद घेऊन सरांकडे गेलो. काल्हेरच्या गोडाऊनवर त्यांचं एसी ऑफिस आहे. काचेतून ट्रक रिव्हर्स घेताना दिसतात.

"सर, शून्य चुकीचं आहे."

"डेटा एंट्रीची चूक?"

"नाही सर. लोकांनी बरोबर सांगितलं. आपण भलतंच विचारलं." आणि मी सगळं सांगितलं. बदली, बाबा, दीपेश, अकरा दिवस. पहिल्यांदाच सांगितलं, एका दमात.

सर म्हणाले, "इंटरेस्टिंग."

या लोकांचं "इंटरेस्टिंग" म्हणजे शेठचं "बघू".

"सुगत, हा तर नवा पेपर आहे! पुढच्या वर्षी करू. तू पहिला लेखक. पक्का."

"आणि दवाखाना? सोमवारी ठराव आहे, सर."

"पेपर स्वीकारला गेलाय. आता मागे घेतला तर मी निधीवाल्यांना काय तोंड दाखवू? आणि तुझी तीस घरं म्हणजे सँपल नाही, गप्पा आहेत." मग आवाज मऊ केला. "आपण मर्यादांच्या भागात एक ओळ घालू. आणि हो, संस्थेत रिसर्च असोसिएटची जागा निघतेय. डिग्री नाही तुझी, पण माझं पत्र असलं की चालतं. शुक्रवारी ठाण्याच्या वर्कशॉपला ये, दोन मिनिटं फील्डचा अनुभव सांग."

ती ओळ पेपरात आली. जशीच्या तशी देतो. "स्थानिक पातळीवरील अनौपचारिक कार्यव्यवस्थांचा परिणाम पूर्णतः नोंदला गेला नसण्याची शक्यता आहे."

माझे बाबा त्या ओळीत आहेत. सापडले तर सांगा.

आणि मी? मी पत्र घेतलं. जाड कागद, संस्थेचं बोधचिन्ह. "अत्यंत होतकरू तरुण." रिक्षात तीनदा वाचलं.

शुक्रवार. ठाण्याला हायवेवरचं हॉटेल. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर नाव. माझ्या पट्ट्यावर "फील्ड", बस, आडनाव नाही, पद नाही. धम्मदिनापण होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तिच्या पट्ट्यावर "स्टेकहोल्डर". ती म्हणाली, "म्हणजे काय रे हे?" मी म्हणालो, "ज्याचं काहीतरी अडकलेलं असतं तो." ती म्हणाली, "मग महादूकाकांना का नाही बोलावलं?" मी चहा आणायला गेलो.

टीबी असलेला एक माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. टीबीवर जगणारे मात्र दीडशे होते. एका मॅडमनी गरिबांच्या खर्चावर बोलताना वेटरला दोनदा एसी कमी करायला लावला. एक दिल्लीवाले सगळ्याला "इकोसिस्टिम" म्हणत होते, लूमला, खोकल्याला, जेवणालासुद्धा. सरांचा शंभरावा पेपर म्हणून केकपण होता.

मग सरांची मुख्य स्लाइड आली. पूर्ण पडदाभर फोटो, मागावर उभा एक कामगार, डोळ्यांवर काळी पट्टी, ओळख कळू नये म्हणून. खाली लिहिलेलं, "प्रतिसादक ११८. वय ५६. क्षयरोग. तरीही हजर."

११८ म्हणजे महादूकाका.

फोटोतल्या माणसाचे दंड असे की टीशर्टची बाही फाटायला आलेली. केस काळेभोर, मानेवर नव्या फॅशनची कटिंग. दीपेश! चोवीस वर्षांचा, आमच्या कामतघरच्या मैदानात कबड्डी खेळणारा दीपेश. नंतर कळलं कसं झालं ते. फोटोग्राफरने कारखान्यात जाऊन विचारलं महादू कोण, मुकादमाने महादूच्या मागांकडे बोट दाखवलं, आणि त्या मागांवर जो उभा होता त्याचा फोटो निघाला. बदलीचा. सर दहा फुटी बदली पडद्यावर लावून दीडशे माणसांना सांगत होते की इथे कोणी गैरहजर राहतच नाही. टाळ्या वाजल्या. तो छप्पन्न वर्षांचा वाटतो का, हे विचारायचं एकाही डॉक्टरला सुचलं नाही.

धम्मदिनाने हात वर केला. सूत्रसंचालक म्हणाले, "प्रश्न जेवणानंतर." लगेच, "आता आपला फील्डचा मित्र, सुगत. दोन मिनिटं."

मी वर गेलो. फोटो माझ्या पाठीमागेच होता. नुसतं वळून बोट दाखवायचं होतं. हा महादू नाही, हा दीपेश. एवढे पाच शब्द. धम्मदिना माझ्याकडे बघत होती. खिशात तीस घरांचा कागद होता आणि बॅगेत पत्र.

मी म्हणालो, "केसरीनाथ सरांनी माझ्यासारख्या डिग्री नसलेल्या मुलाला संधी दिली. खूप शिकायला मिळालं. थँक्यू सर."

चाळीस सेकंदात संपलं. टाळ्या मलापण मिळाल्या.

खाली आलो तर तिची खुर्ची रिकामी. जेवण सोडून गेली होती, अर्ध्या दिवसाची रजा संपली म्हणून. मी संध्याकाळपर्यंत थांबलो. पनीर खाल्लं. केकपण. लिहायचंच तर सगळं लिहितो.

आठ वाजता नारपोलीला पोचलो. नुकतीच पाळी सुटली होती, दवाखान्याच्या बाकावर अंगावर कापूस चिकटलेली सात-आठ माणसं. महादूकाकापण होते. धम्मदिना त्यांची आठवड्याची पाकिटं मोजून देत होती. मला बघूनही तिने मान वर केली नाही. काकांशीच बोलली.

"काका, तुमचा फोटो बघितला आज हॉटेलात. काय तब्येत हाय! कबड्डीला जाता का?"

"माझा? मी कवा फोटो काढला?"

"तुम्ही नाही, दीपेशने काढला. तुमच्या नावाने फोटोपण बदलीच देतो तो."

बाकावर हशा पिकला. काका हसले आणि हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना. कोणीतरी पाणी दिलं. मग काका डोळे पुसत म्हणाले, "पन ताई, ह्ये नुस्तं सकाळचंच करनार म्हनं? खरं का?"

"सोमवारी ठरेल."

"माझ्या अजून तीन म्हैन्याच्या गोळ्या हायत. आता बरा हाय त्या दिवशी सोता मागावर जातो. सकाळी इथं यायचं म्हंजे बऱ्या दिवशी बी बदली. किती दिस डोळं झाकील शेठ? एक दिवस म्हनंल, दीपेशच बरा. मंग माग गेलं. माग का गोळ्या, दोनातलं एक सोडायचं झालं तर..." काय सोडतील ते बाकावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मलापण.

काका गेल्यावर धम्मदिना हात धुऊन बाहेर आली.

"पनीर चांगलं होतं?"

"धम्मा, मी..."

"तुझे सर तरी परके रे. लंडनहून आलेत, बदली विसरले असतील. तू कोंडूकाकांच्या घरात जेवतोस."

मी बॅगेतून पत्र काढून तिला दाखवलं. का दाखवलं माहीत नाही. तिने वाचलं. "होतकरू," ती म्हणाली. "होता आणि करू. अजून केलं काहीच नाही." आणि नीट घडी करून परत दिलं. फाडलं बिडलं नाही. मीपण फाडलं नाही. ते आता इथे लॅपटॉपखाली आहे, तो तापतो म्हणून.

"सोमवारी मी येतो," मी म्हणालो. "मीटिंगला. मी बोलतो."

"आज पण बोलणार होतास. तुझं तोंड मी बघितलं माइकवर. तोंडी नको आता. लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"जे झालं ते. पनीरसकट. ते मी माझ्याकडे ठेवते. सोमवारी तुझी परत फाटली तर मीच उभी राहून वाचते, तुझ्या नावाने. बदली म्हणून."

तर हे ते लिहिणं. शनिवार सकाळचे साडेनऊ. बाबा समोर बसून नावं सांगतायत, कोणाच्या मागावर कधी उभे होते ते, आणि त्यातले जे अजून भिवंडीत आहेत त्यांच्याकडे मी आज निघतोय. उद्या रात्रीपर्यंत जेवढी घरं होतील तेवढी.

धम्मा, वचन देतो. सोमवारी अकराला मी स्वतः येईन, बदली पाठवणार नाही. उभा राहून पहिलं वाक्य हेच बोलेन की ती तीनशे सत्त्याण्णव शून्यं मी भरली, माहीत असून भरली, आणि ती खोटी आहेत. सरांचं नाव त्याच्यानंतर घेईन, आधी नाही. बाबांना सोबत आणतो. आणि महादूकाकांच्या गोळ्या संपेपर्यंत रोज संध्याकाळी सातला दवाखान्याच्या दारात मी हजर असेन, ठराव कसाही होवो; संध्याकाळ बंद झालीच तर त्यांची पाकिटं सकाळी तुझ्याकडून मी घेऊन ठेवेन. खाडा झाला तर हे सगळं माझ्या चाळीत मोठ्याने वाच.